काटकसर काकांचं दुसरं पुस्तक

काटकसर काका हे नाव त्यांना कुणी चिकटवलं ते आता कुणालाच आठवत नाही. पण चिकटलं ते चिकटलं, आणि काकांनाही ते मनातून आवडायचं. आवडणार नाही तर काय! बँकेच्या काउंटरमागे तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजून निवृत्त झालेल्या माणसानं एक पुस्तक लिहावं आणि त्याच्या सात आवृत्त्या निघाव्यात, ही काय साधी गोष्ट आहे? ख्रिस्ती कुटुंबानं पैसा कसा सांभाळावा, हा त्या पुस्तकाचा विषय. पैसा देवाचा, आपण नुसते कारभारी. पगार हातात आला की आधी दशमांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, बाजूला काढायचा, मग उरलेल्याचे दहा लिफाफे करायचे, प्रत्येकावर नाव घालायचं, आणि एका लिफाफ्यातलं दुसऱ्यात घालायचं नाही म्हणजे नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सगळेच सांगतात. काकांनी अंथरुणाची लांबी-रुंदी मोजून दिली. चर्चच्या मंडळीतली नवी जोडपी ते पुस्तक घेऊन जायची, आणि काका रविवारच्या उपासनेनंतर दाराशी उभे राहून त्यांना विचारायचे, "काय, लिफाफे भरता ना?" बिचारी जोडपी पुढच्या रविवारपासून मागच्या दारानं बाहेर पडायची.

तर अशा काकांनी दुसरं पुस्तक लिहिलं, आणि ते पैशाचं नव्हतं. ते होतं त्यांच्या थोरल्या मुलीबद्दल.

थोरली चौतीस वर्षांची. तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी 'ऑटिझम' हा शब्द सांगितला, पुढे कुणीतरी 'स्वमग्नता' हा दुसरा शब्द सांगितला, आणि काका-काकूंनी दोन्ही शब्द डोक्यावर घेऊन एकतीस वर्षं काढली. अशा मुलांच्या ख्रिस्ती आईबापांना धीर देणारं पुस्तक हवं, असा आग्रह संपादकबाईंनी धरला होता. या बाई मंडळीचं छोटं प्रकाशन चालवायच्या: दोन खोल्या, एक गोदाम, एक छपाईवाला. आणि याच प्रकाशनात थोरली अकरा वर्षं पडताळणीचं काम करत होती.

पडताळणी म्हणजे काय ते सांगतो. तिच्या टेबलावर तीन पेन्सिली असायच्या. लेखकानं बायबलमधल्या वचनाचा चुकीचा क्रमांक दिला की निळी. आकडेमोड चुकली की हिरवी. आणि जे घडलंच नाही ते घडलं म्हणून लिहिलं असेल, तर तांबडी. काकांच्या पहिल्या पुस्तकात बचतीचं एक कोष्टक दोन आवृत्त्या चुकीचं छापलं जात होतं, ते तिनं हिरव्या पेन्सिलीनं पकडलं, तेव्हा काका महिनाभर कॉलर ताठ करून फिरत होते. पण थोरलीला एखादं पुस्तक कशाबद्दल आहे असं विचारलं तर ती म्हणायची, "दोनशे बारा पानं." बस्स. म्हणून सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, आणि काकांनी तर ती दगडावर कोरल्यासारखी: थोरली वाचत नाही, ती फक्त तपासते.

इथेच काका फसले.

कारण त्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात एक गोष्ट होती जी थोरलीला कुणी धडपणे सांगितली नव्हती. काकांना सत्तरी लागली होती, काकूंचे गुडघे गेले होते, धाकटी लग्न होऊन परदेशी गेली होती. आपल्यामागे हिचं काय, या एका प्रश्नानं काकांची झोप उडाली होती. शेवटी त्यांनी शहराबाहेर एक निवासी संस्था पाहिली, स्वच्छ, शांत, झाडंबिडं असलेली. अनामत रक्कम भरली. पुढच्या महिन्यात थोरलीनं तिकडे राहायला जायचं, आपण जिवंत आहोत तोवर तिला सवय व्हावी म्हणून. नोकरी अर्थातच सुटणार. कागदांवर सह्या येत्या काही दिवसांतच करायच्या होत्या. ही सगळी तजवीज काकांनी पुस्तकात मोठ्या समाधानानं लिहिली होती.

"काका," संपादकबाई घरी आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "शेवटचं प्रकरण तरी काढून घ्या आणि मग तिला द्या. ते मी तपासते."

"अहो बाई, वचनांचे क्रमांक तिच्याइतके चोख कोण बघणार? आणि ती कुठे वाचते? तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात काकांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांना पाठ झालं होतं.

काकांनी स्वतःच्या हातानं हस्तलिखिताचा गठ्ठा प्रकाशनात थोरलीच्या टेबलावर नेऊन ठेवला. "फक्त क्रमांक बघ हं."

थोरलीनं गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या. "सगळं बघते," ती म्हणाली. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ती नेहमीच असं म्हणायची.

नऊ दिवस गेले. थोरली रोज आठ वाजून दहा मिनिटांनी निघायची, पाच वाजून वीस मिनिटांनी यायची, जेवायची, भांडी पुसायची, लिफाफे ठेवलेला डबा उघडून बघायची आणि खोलीत जायची. काकांनी दोनदा विचारलं, "झालं का गं?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "नाही." दहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, जेवणं झाल्यावर तिनं गठ्ठा आणून टेबलावर ठेवला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

काकांनी चष्मा चढवला. चहाचा कप जवळ ओढला. पहिल्या वीस पानांत निळ्या पेन्सिलीच्या दोन खुणा. "बघ," ते काकूंना म्हणाले, "याला म्हणतात काम!"

एकविसाव्या पानावर तांबडी आली.

काकांनी लिहिलं होतं: 'चार वर्षांची असताना ती उपासनेत किंचाळायची. प्रार्थना म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं.' समासात, थोरलीच्या बारीक, सरळ, एकाही अक्षराची मान वाकडी नसलेल्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: 'चूक. पंखा घर्र करत होता. प्रार्थना कळत होती. तुम्ही म्हणत होता, देवा आमची लाज राख.'

काकांचा कप हवेतच राहिला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. पंख्याचं काहीतरी लिहिलंय."

पुढचं पान. 'मंडळी गाऊ लागली की ती कानांवर हात ठेवते. स्तुतिगीतांच्या आनंदाला ती मुकली आहे.' तांबडी: 'चूक. कानांवर हात ठेवले की आवाज मावतो. मग ऐकू येतं. तिसऱ्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाई शेवटच्या ओळीत सूर सोडतात. तो मला सगळ्यात आवडतो. त्या आजारी होत्या ते चार रविवार गाणं बरं नव्हतं.'

आता काकूंनी खुर्ची ओढली आणि त्या शेजारी येऊन बसल्या. काकांनी कागद दोघांच्या मधे सरकवला. खरं सांगायचं तर त्यांना ते एकट्यानं वाचायची हिंमत होत नव्हती.

तांबड्या खुणा थांबायचं नावच घेईनात. काही तर अशा की दोघांना हसू आवरेना. काकांनी लिहिलं होतं, 'तिला विनोद कळत नाहीत.' थोरलीनं लिहिलं होतं: 'चूक. तुमचे कळतात. हसू येत नाही.' काकू पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काका आधी फुरंगटले, मग तेही हसले, आणि हसता हसता पान उलटलं.

'तिनं मला कधी मिठी मारली नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं. हे वाक्य लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि वाचकांचेही भरून येतील असा त्यांचा अंदाज होता.

'चूक. तीन वेळा. आजी गेली तेव्हा. बँकेतून शेवटच्या दिवशी घरी आलात तेव्हा. तिसऱ्या वेळी तुम्ही झोपला होता.'

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आजी गेली त्या दिवशी कुणीतरी मागून येऊन त्यांच्या पाठीला डोकं टेकवून उभं राहिलं होतं खरं. त्यांना वाटलं होतं, पोर दमली असेल. आणि बँकेच्या शेवटच्या दिवशी? त्या दिवशी दारात थोरलीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली होती आणि थोडा वेळ हातही सोडला नव्हता. त्यालाच ती मिठी म्हणत होती! त्यांनी सबंध आयुष्य नोटा मोजण्यात घालवलं, एक नोट कधी कमी-जास्त झाली नाही, आणि हातात पडलेल्या या तीन गोष्टी मोजायच्याच राहिल्या.

"तिसरी कधीची गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमचं ऑपरेशन झालं तेव्हाची," काकू म्हणाल्या. "मी पाहिलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही प्रवचनात सांगितलं असतं."

काकांनी घाईनं पान उलटलं.

मग पैशाचं प्रकरण आलं. इथे तरी आपण पक्के, असं त्यांना वाटलं. त्यांनी लिहिलं होतं की थोरली दर महिन्याला पगाराचे लिफाफे अगदी पुस्तकाप्रमाणे भरते, पण ती नुसती सवय आहे. दानाचा लिफाफा ती रिकामा करते, पण देणं म्हणजे काय हे तिच्या गावीही नाही. समासात होतं: 'चूक. छपाईवाल्यांच्या बायकोच्या औषधांना दिले. चार वर्षं. त्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवते. देताना कुणाला कळू देऊ नये असं तुमच्या पुस्तकात पान अठ्ठ्याऐंशीवर आहे. आता तुम्हाला कळलं. कुणाला सांगू नका.'

छपाईवाला! तोच छपाईवाला, जो दर महिन्याला काकांना भेटून सांगायचा की देव त्याच्या डब्यात पैसे ठेवतो. काकांनी त्याला समजुतीच्या सुरात सांगितलं होतं की असं काही नसतं, हिशोब ठेव, तूच ठेवून विसरत असशील. सात आवृत्त्यांच्या त्या पुस्तकाचं एक पान तरी कुणी शब्दशः पाळलं असेल का, हा प्रश्न काकांना कधी पडला नव्हता. पाळणारी त्यांच्याच घरात भांडी पुसत होती. त्यांच्या अंगावर काटा आला. हे चांगलं वाटतंय की वाईट, तेच त्यांना समजेना. मोठ्या देवळात पहिल्यांदा शिरल्यावर माणूस जसा आपोआप आवाज खाली आणतो, तसे ते कुजबुजत वाचू लागले.

'रागाच्या भरात मी एकदा तिच्यावर हात उचलला. देवानं मला क्षमा केली.' हे वाक्य काकांनी फार धीर करून लिहिलं होतं.

'चूक. दोनदा. दुसऱ्या वेळी तुम्ही न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलात. मला नळाचा आवाज आवडत नाही पण त्या दिवशी मी दाराशी थांबले.'

काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. काका मान खाली घालून बसले होते आणि कागदावर पाण्याचे दोन थेंब पडले. ते त्यांनी बाहीनं टिपले, तांबडी अक्षरं फिसकटू नयेत म्हणून फार जपून.

आता उरलं शेवटचं प्रकरण. काकांनी ते पान बोटानं दाबून धरलं. एकदा वाटलं, उघडूच नये. पण काकूंनी पान उलटलं.

संस्थेची फी, अनामत, वर्षाची वाढ, काकांची शिल्लक, व्याज. सगळा हिशोब त्यांनी पानभर मांडला होता. त्याखाली हिरव्या पेन्सिलीनं एकच ओळ: 'बेरीज बरोबर.'

आणि पुढच्या परिच्छेदात काकांचं वाक्य: 'आम्ही तिला विचारलं. ती काही बोलली नाही. तिची हरकत नव्हती.'

तांबडी: 'चूक. मिक्सर चालू होता. तुम्ही विचारलं आणि लगेच म्हणालात, ठरलं तर मग. पुन्हा विचारा. मिक्सर बंद करून. उत्तर यायला वेळ लागतो.'

काकूंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग काकू उठल्या. मिक्सर बंदच होता, तरी त्यांनी त्याची पिन भिंतीतून काढली. मग थोडा विचार करून फ्रिजही बंद केला. पंखा बंद केला. भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवून त्यांनी उशीखाली ठेवलं, तेव्हा काकांनी विचारलं, "अगं, हे काय करतेस?"

"एकतीस वर्षांत केलं नाही ते," काकू म्हणाल्या. "जा, बोलवा तिला."

काकांनी दार वाजवलं. थोरली आली, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. टेबलावर गठ्ठा उघडाच होता. तिनं त्याच्या कडा जुळवल्या.

"थोरले," काका म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुला त्या संस्थेत राहायला जायचंय का?"

ती टेबलाकडे बघत राहिली.

काका थांबले. त्यांना थांबायची सवय नव्हती हो! दोन मिनिटं झाली तशी त्यांची जीभ वळवळू लागली. जागा किती छान आहे ते सांगावं, झाडांचं सांगावं, आम्ही दर रविवारी येऊ हे सांगावं. काकूंनी टेबलाखालून त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. फोन वाजला, कुणी उचलला नाही, तो आपोआप बंद पडला. खिडकीतलं ऊन टेबलाच्या एका टोकाला होतं ते सरकत मधे आलं. थोरलीचे ओठ दोनदा हलले आणि पुन्हा मिटले. तिच्या आत काहीतरी चाललेलं दिसत होतं, एखादं जड सामान एकट्यानं जिन्यावरून खाली आणावं तसं. हे दरवेळी असंच होत असणार, काकांना वाटलं, आणि दरवेळी मी अर्ध्या जिन्यातच दार लावून घेत होतो.

"नाही," थोरली म्हणाली.

काका काही बोलणार तोच तिनं बोट वर केलं. "अजून आहे."

तिनं बोट खाली घेतलं. मग ती एकेक वाक्य जपून टेबलावर ठेवावं तसं बोलली. "तुम्ही आणि आई मेल्यावर मला भीती वाटेल. तिथे पण वाटेल, इथे पण वाटेल. तिथे भीती वाटली की कुठे जायचं ते मला माहीत नाही. इथे माहीत आहे. इथे भीती वाटली की मी कामाला जाते."

"म्हणजे," काकांनी विचारलं, "तुला आत्तासुद्धा भीती वाटते?"

"रोज," ती म्हणाली. "दार उघडताना. रस्त्यावर. लोक बोलतात तेव्हा. मग आठ दहाला निघते."

अकरा वर्षं! काकांनी मनात हिशोब मांडायला घेतला आणि सोडून दिला. ज्या मुलीला उद्याची जाणीव नाही असं आपण सबंध पुस्तकभर लिहिलं, ती रोज सकाळी भीतीला सोबत घेऊन, बूट घालून, वेळेवर घराबाहेर पडत होती, आणि संध्याकाळी येऊन भांडी पुसत होती. आणि आपण? आपल्याला भीती वाटली तेव्हा आपण तिलाच घराबाहेर ठेवायची व्यवस्था केली. सत्तर वर्षांत त्यांनी विश्वासावर शंभर प्रवचनं ऐकली असतील, वीस-पंचवीस दिली असतील. विश्वास चालताना कसा दिसतो ते त्यांनी आज पाहिलं, आणि तो करड्या स्वेटरमध्ये समोरच्या खुर्चीवर बसला होता.

"तुम्हाला वाटते का?" थोरलीनं विचारलं.

"काय?"

"भीती."

"हे बघ बाळा," काकांनी सवयीनं सुरुवात केली, "ज्याचा हिशोब चोख आणि ज्याचा देवावर भरवसा, त्याला..."

"हे पहिल्या पुस्तकातलं आहे," थोरली म्हणाली. "पान तीन." आणि ती गप्प बसली. रागानं नव्हे. ती त्यांच्या उत्तराची वाट बघत होती, आणि तिला कसलीही घाई नव्हती.

काकांना कुणी आजवर इतका वेळ दिला नव्हता. ऊन टेबलावरून खाली उतरलं. काकू हलल्यासुद्धा नाहीत. आणि कुठल्या तरी खोल, कुलूप घातलेल्या जागेतून काकांचं उत्तर एकदाचं वर आलं.

"वाटते," ते म्हणाले. "फार वाटते गं. तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून. एक दिवस सुटला नाही." आणि ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले.

थोरलीनं त्यांचं रडणं संपेपर्यंत वाट पाहिली. मग गठ्ठ्यातलं शेवटचं प्रकरण तिनं वेगळं काढलं, पानं उलटी करून त्यांची कोरी बाजू काकांपुढे ठेवली.

"हे पुस्तकात कुठेच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला भीती वाटते ते. लिहा. सोमवारी मी तपासते."

"सोमवारी," काका म्हणाले. सोमवारी संस्थेच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू डोळे पुसत होकारानं मान हलवत होत्या.

"सोमवारी मी कामावर आहे ना?" थोरलीनं विचारलं. इतका वेळ एका सुरात बोलणाऱ्या त्या मुलीचा आवाज या एका प्रश्नाला किंचित थरथरला. मिक्सर, फ्रिज, पंखा, घड्याळ, सगळं गप्प होतं, म्हणून काकांना ते ऐकू आलं.

"हो, बाळा," ते म्हणाले. "आहेस."